नागपुरात नव्याने राहायला आलात? रोजच्या जाण्यायेण्याचं स्वस्त गणित असं बसवा

मागच्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात माझी भाची गिरगावातून नागपूरला राहायला आली. मिहानमधल्या, म्हणजे विमानतळाजवळच्या उद्योगक्षेत्रातल्या, एका कंपनीत तिला नोकरी लागली होती आणि जूनमध्ये रुजू व्हायचं होतं. स्टेशनवरून घरी येताना रिक्षात बसल्या बसल्याच तिने विचारलं, "मावशी, इथे गाडीशिवाय पान हलत नाही म्हणतात. उद्या शोरूम बघून येऊया का?"

मी तिला म्हटलं, "आधी तुझी खोली ठरू दे. गाडी महिन्याने बघू."

हे मी अनुभवावरून सांगत होते. २०१४ साली मी मुंबईहून इथे आले, तेव्हा पंधरा दिवसांत एक जुनी स्कूटर घेऊन मोकळी झाले होते. त्या गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज होतं आणि ते आरसीवरून, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरून, उतरलेलं नव्हतं. मला कळलं ते पैसे दिल्यानंतर. गाडी माझ्या नावावर व्हायला पाच महिने गेले. त्यातच तीन महिन्यांनी मी घर बदललं आणि नव्या घरापासून ऑफिस इतकं जवळ आलं की त्या गाडीची रोज गरजच उरली नाही. तेव्हापासून इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: नागपुरात घर निवडता तेव्हाच तुमचं निम्मं वाहन निवडून झालेलं असतं. त्यामुळे क्रम उलटा करू नका.

आधी शहराचा आकार समजून घ्या

मुंबईच्या माणसाला वाहन निवडावं लागतच नाही. बेट लांबट, लोकलचे रूळ उत्तर-दक्षिण आणि अख्खं शहर त्या रुळांना धरून वसलेलं. स्टेशनपासून घर किती मिनिटांवर, एवढं विचारलं की काम झालं. नागपूर तसं नाही. इथे मधोमध बर्डी, म्हणजे सीताबर्डी, आणि तिथून चहूबाजूंना रस्ते फुटलेले: वर्धा रोड, अमरावती रोड, काटोल रोड, कामठी रोड, भंडारा रोड, उमरेड रोड, हिंगणा रोड. या सगळ्यांना छेदत जाणारा रिंग रोड. बैलगाडीच्या चाकासारखं चित्र डोळ्यांसमोर आणा. आऱ्यांवर राहणाऱ्याचं जाणं सोपं, दोन आऱ्यांच्या मधल्या फटीत राहणाऱ्याचं अवघड.

मेट्रोनेही हाच आकार घेतला आहे. ऑरेंज लाइन उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौकापासून दक्षिणेला खापरीपर्यंत जाते. अ‍ॅक्वा लाइन पश्चिमेला हिंगणा रोडवरच्या लोकमान्यनगरपासून पूर्वेला प्रजापतीनगरपर्यंत. दोन्ही सीताबर्डी स्टेशनात एकमेकींना छेदतात. पहिला टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०२२ पासून दोन्ही मार्ग पूर्ण धावू लागले. लांबी एकूण सुमारे ३८ किलोमीटर.

म्हणजे नकाशावर अधिकचं चिन्ह काढलं की झालं. त्या अधिकच्या चार कोपऱ्यांत मेट्रो नाही. मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी, नंदनवन हा एक कोपरा. काटोल रोड, गोरेवाडा, मानकापूर दुसरा. त्रिमूर्तीनगर आणि परसोडीचा आयटी पार्क तिसऱ्यात, कळमना चौथ्यात. या भागांत राहूच नका असं मी म्हणत नाही. मानेवाड्यात खोल्या मोकळ्या आहेत आणि भाडं परवडतं. फक्त भाड्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये जाणार आहेत का, ते आधी बघा.

दुसऱ्या टप्प्यात मेट्रो कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगरपर्यंत नेण्याचं ठरलं आहे. "मेट्रो येणारच आहे" असं सांगून घरमालक भाडं वाढवून मागतात. तुमच्या स्टेशनात प्रत्यक्ष गाडी थांबेपर्यंत त्या भरवशावर जास्तीचं भाडं देऊ नका.

खोली बघायला जाताना

नोकरीचं ठिकाण नकाशावर टिंब म्हणून मांडा. त्याच्या सर्वांत जवळचं मेट्रो स्टेशन शोधा. मग त्याच मार्गावरच्या स्टेशनांपासून पंधरा मिनिटं पायी अंतरात खोली मिळते का ते बघा. मिहानला जाणाऱ्याने ऑरेंज लाइनवर बघावं: छत्रपती चौक, जयप्रकाशनगर, उज्ज्वलनगर, किंवा उत्तरेकडे कडबी चौक, इंदोरा. हिंगणा एमआयडीसीत जाणाऱ्याने अ‍ॅक्वा लाइनवर: सुभाषनगर, वासुदेवनगर, बन्सीनगर. लॉ कॉलेज, धरमपेठ, शंकरनगरचा भागही याच मार्गावर येतो, पण तिथलं भाडं नव्या नोकरीवाल्याच्या खिशाला जड जातं.

खोली बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. रस्ते मोकळे असतात आणि सगळंच जवळ वाटतं. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला त्या घराच्या दारात उभे राहा आणि तिथून ऑफिसच्या फाटकापर्यंत खरोखर जाऊन या. किती मिनिटं लागली, किती रुपये लागले, किती वेळा वाहन बदललं, या तीन गोष्टी लिहा. आम्ही भाचीसाठी अशा चार खोल्या बघितल्या. तिला आवडलेली मानेवाड्याची खोली उज्ज्वलनगरच्या खोलीपेक्षा दीड हजाराने स्वस्त होती. पण तिथून मेट्रो गाठायलाच रोज चारपाच किलोमीटरची रिक्षा करावी लागणार होती. महिन्याचा हिशेब मांडल्यावर तो फरक जवळपास पुसला गेला आणि वर रोजचा पाऊण तास जाणार होता, तो वेगळा. तिने उज्ज्वलनगरची घेतली.

मेट्रोची दोन टोकं

मेट्रो स्वच्छ आहे, थंड आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात थंड डबा ही चैन नसून गरज आहे. पण मेट्रोचा खर्च म्हणजे फक्त तिकीट नव्हे. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते ऑफिस ही दोन टोकं जोडल्याशिवाय तो पूर्ण होत नाही. बरेच जण मधल्या तिकिटाचा भाव बघून खूश होतात आणि महिनाअखेरीस रिक्षांचा आकडा बघून दचकतात.

खापरीचंच उदाहरण घ्या. स्टेशनातून बाहेर पडल्यावर मिहानमधल्या कंपन्या चालत जाण्याच्या अंतरावर नाहीत. रस्ते रुंद आहेत, झाडं थोडी आहेत, आणि दुपारी तिथे सावली शोधावी लागते. म्हणून नोकरीचं पत्र हातात आल्याबरोबर कंपनीच्या एचआरला विचारा: मेट्रो स्टेशनवरून कंपनीची गाडी आहे का? किती वाजता सुटते? परतीची शेवटची किती वाजता? भाचीच्या कंपनीची अशी गाडी होती आणि नव्या माणसाला ती कुणी आपणहून सांगितली नव्हती.

मेट्रोचं महाकार्ड पहिल्याच आठवड्यात काढून घ्या. खिडकीवर रांग टळते आणि तिकिटात सवलतही मिळते. विद्यार्थ्यांना वेगळी सवलत आहे, त्यासाठी कॉलेजचं ओळखपत्र घेऊन जा. सायकल घेऊनही मेट्रोत चढता येतं, हे पुष्कळ नागपूरकरांनाही माहीत नसतं. स्टेशनपासून ऑफिस दोनतीन किलोमीटरवर असेल तर याहून स्वस्त जोड दुसरी नाही. नागपूर बहुतेक सपाट आहे. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी सायकल अगदी सुखाची.

मेट्रो सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते आणि रात्री दहाच्या सुमारास थांबते. शिफ्टची नोकरी असेल तर हा मुद्दा सगळ्यांच्या आधी तपासा. रात्री अकराला सुटणाऱ्याचं गणित मेट्रोवर बसत नाही. अशा वेळी कंपनीची गाडी किंवा स्वतःची गाडी, हे दोनच पर्याय उरतात.

बस आणि शेअर ऑटो

महापालिकेची 'आपली बस' शहरभर जाते. जुने लोक तिला अजूनही स्टार बसच म्हणतात. तुम्हाला कुणी 'स्टार बसने जा' म्हटलं तर गोंधळू नका. बर्डीवरचं मोरभवन हे तिचं मुख्य ठिकाण, बहुतेक मार्ग तिथूनच सुटतात. भाड्याच्या मानाने बसइतकं स्वस्त काही नाही. अडचण वाट बघण्याची. म्हणून तुमच्या मार्गावरच्या बसच्या वेळा कागदावरून न घेता थांब्यावर रोज उभं राहणाऱ्या माणसांना विचारा. सकाळी त्याच थांब्यावर डबा घेऊन उभ्या असलेल्या ताईंना जे माहीत असतं, ते कुठल्याच फलकावर नसतं. "पावणेनऊची चुकली की मग सव्वानऊशिवाय नाही", अशी एक ओळ मिळाली की तुमचं काम झालं.

शेअर ऑटो ठरलेल्या मार्गावर चालतात. चौकात उभे राहा, "बर्डी, बर्डी" किंवा "मेडिकल, मेडिकल" असा पुकारा ऐकू येईल. चालक 'सवारी' मोजतो: "एक सवारी बाकी आहे ताई, बसा, निघालोच." बसण्याआधी भाडं विचारा आणि नव्या माणसाने ते शेजारच्या सवारीलाच विचारावं. एकट्यासाठी रिक्षा केली तर मीटरने जाण्याची सवय इथे फारशी नाही. भाडं ठरवूनच बसा, किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपवर आधी आकडा बघून मग बोला. जवळच्या अंतरासाठी ई-रिक्षा स्वस्त पडते, पण तिच्या भरवशावर दहा किलोमीटर जायचा विचार करू नका.

महिनाभराची वही

आता आमच्या घरातली पद्धत सांगते. एक छोटी वही घ्या. पहिला महिना गाडी न घेता जे मिळेल त्याने जा आणि रोज रात्री एक ओळ लिहा: तारीख, कशाने गेलो, किती रुपये, घरातून निघाल्यापासून खुर्चीत बसेपर्यंत किती मिनिटं. पंचवीस ओळी झाल्या की तुमच्यासमोर खरा आकडा असतो. त्याशेजारी गाडीचा आकडा मांडा, आणि तो पूर्ण मांडा.

उदाहरण म्हणून, ऑफिस १२ किलोमीटरवर आहे असं धरू. जाऊनयेऊन २४, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर. शहरात ४५ चं अ‍ॅव्हरेज देणारी स्कूटर असेल तर साधारण सव्वातेरा लिटर पेट्रोल. लिटरचा भाव १०५ धरला तर सुमारे १,४०० रुपये. इथपर्यंत सगळेच मोजतात. पुढचं मात्र राहून जातं. दर पाच महिन्यांनी १,२०० ची सर्व्हिसिंग धरली तर महिन्याला २४०. दोन टायर साडेतीन हजारांचे आणि ते वीस हजार किलोमीटर चालले, तर १०५. विमा वर्षाला १,८०० धरला तर १५०. आणि सर्वांत मोठा, कधीच न दिसणारा खर्च म्हणजे गाडीची उतरणारी किंमत. जुनी स्कूटर ४५ हजारांना घेतली आणि तीन वर्षांनी २७ हजारांना विकली, तर महिन्याला ५०० रुपये गेले. नवी १ लाख ५ हजारांना घेऊन तीन वर्षांनी ६० हजारांना विकली, तर १,२५०.

जुन्या गाडीचे महिन्याचे झाले सुमारे २,४००, नवीचे सुमारे ३,१५०. नवी हप्त्यावर घेतली असेल तर व्याज आणखी वर. आता मेट्रो, कंपनीची गाडी आणि अधूनमधून रिक्षा मिळून रोजचे ७० रुपये पडत असतील तर महिन्याचे १,७५०. हे माझे धरलेले आकडे आहेत, तुमचे वेगळे असतील. तुमच्या वहीतले आकडे याच रीतीने मांडा.

तिसराही एक मार्ग आहे आणि नागपुरात तो फार चांगला बसतो. गाडी घ्या, पण फक्त घर ते मेट्रो स्टेशन यासाठी. स्टेशन चार किलोमीटरवर असेल तर महिन्याला २०० किलोमीटर होतात, पेट्रोल पाचशेच्या आत राहतं आणि गाडीची झीजही कमी होते. मानेवाडा-हुडकेश्वरकडे राहणाऱ्यांना मी हेच सुचवते. स्टेशनवर गाडी कुठे लावायची आणि त्याचे महिन्याला किती पडतात, तेवढं आधी बघून घ्या.

जुनी गाडी घ्यायचीच ठरली तर

इथे घाई केली की काय होतं ते वर सांगितलंच. म्हणून हा भाग सविस्तर लिहिते.

गाडी बघायला सकाळी लवकर जा, आणि विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन तापवून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनवर हात ठेवा. गार असेल तर ठीक, कोमट असेल तर कुणीतरी आधीच सुरू करून ठेवलंय. गार इंजिन एकदोन प्रयत्नांत सुरू झालं पाहिजे. सुरू झाल्यावर सायलेन्सरमागे पांढरा रुमाल दोन मिनिटं धरा. निळसर धूर आणि रुमालावर तेलाचे ठिपके दिसले तर इंजिन तेल जाळतंय. ती गाडी सोडा, कितीही स्वस्त असली तरी.

मग टायर बघा. टायरच्या कडेवर चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी चांगली दिसली तरी जुना टायर नागपूरच्या उन्हात कडक होतो आणि बारीक भेगा पडतात. नखाने दाबून बघा. पुढचं चाक दोन्ही पायांत धरून हँडल हलवा, हँडल वाकडं बसलेलं असेल तर गाडी कधीतरी जोरात आपटली आहे. सीट उचलून खालचा पत्रा बघा. डिकीच्या तळाला चिखलाची वाळलेली रेघ दिसली तर गाडी पाण्यात उभी राहिलेली असू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसात अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं आणि शेकडो गाड्या बुडाल्या. त्यांतल्या काही अजूनही बाजारात फिरत असतील.

शेवटी तुमच्या गल्लीतल्या मिस्त्रीला शंभर-दोनशे रुपये देऊन बरोबर न्या. तो तुमच्यासाठी बघतो, विकणाऱ्यासाठी नाही. आमच्या मिस्त्रीने भाचीसाठी बघितलेल्या एका स्कूटरवर बसून दहा पावलंच चालवली आणि उतरला. "ताई, बेल्ट घसरतोय," एवढंच म्हणाला. मला काहीही जाणवलं नव्हतं.

कागद मात्र स्वतः बघा. नंबरप्लेटवर एमएच ३१, एमएच ४९ किंवा एमएच ४० असेल तर गाडी नागपूरचीच: पहिली दोन शहराची, तिसरी ग्रामीणची. एमपी २८ म्हणजे छिंदवाडा, सीजी ०४ म्हणजे रायपूर. या गाड्या इथे स्वस्त मिळतात, पण दुसऱ्या राज्यातली गाडी इथे १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला कर आणि नवी नोंदणी हे सगळं लागतं. तो खर्च किमतीत मिळवला की बहुतेक वेळा स्वस्ताई संपते.

आरसीवर 'हायपोथिकेशन'च्या, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या, रकान्यात बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव आहे का, ते पहिल्यांदा वाचा. असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. "पुढच्या आठवड्यात देतो" हे वाक्य मीही ऐकलं होतं. सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की मालक, विमा आणि पीयूसीची (प्रदूषण तपासणीची) मुदत दिसते, थकलेली चलनंही तिथेच तपासा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. त्यांवर विकणाऱ्याच्या सह्या पैसे देतानाच घ्या, नंतर तो फोन उचलेलच असं नाही. घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी बदलायला हवी आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला हवा, नाहीतर अपघात झाला तर तुमच्या गाडीच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली गाडी असेल तर तिला सरकारी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलेली आहे का, तेही बघा.

हेल्मेटचे पैसे याच हिशेबात धरा, आणि मागे कुणी बसणार असेल तर दोन हेल्मेटचे. वर्धा रोड आणि कामठी रोडवर ट्रक असतात. यात काटकसर नको.

बॅटरीची गाडी परवडते का?

चालवायला, हो. ६०० किलोमीटरला साधारण वीस-एकवीस युनिट लागतात. युनिट दहा रुपयांचं धरलं तरी महिन्याचे दोनशेच्या आसपास. पेट्रोलच्या १,४०० समोर हा फरक मोठा आहे. राज्यात बॅटरीच्या गाड्यांना मोटार वाहन करातही सूट आहे. पण घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: रात्री गाडी लावायची त्या जागेवर माझ्या मीटरचा प्लग आहे का? भाड्याच्या खोलीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला हा प्रश्न बाकी सगळ्या वैशिष्ट्यांपेक्षा मोठा. घरमालकाकडून लेखी होकार घ्या.

दुसरी गोष्ट ऊन. दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी घरी आल्याबरोबर चार्जिंगला लावू नका. तासभर गार होऊ द्या, मग लावा. ऑफिसात सावलीतली पार्किंग मिळत नसेल तर बॅटरीच्या गाडीआधी त्या जागेची सोय बघा. जुनी बॅटरीची गाडी मात्र नवख्याने घेऊ नये. बॅटरी किती उरली आहे हे रस्त्यावर चालवून कळत नाही.

अपडाऊनवाले

बुटीबोरी, वर्धा, कामठी, उमरेड इथे नोकरी असेल तर तुम्ही 'अपडाऊन', म्हणजे रोज गावाबाहेर ये-जा, करणार. विदर्भात या शब्दाला एक अख्खी दिनचर्या चिकटलेली आहे. ट्रेन जात असेल तर मासिक पास काढा, तो दीडशे किलोमीटरपर्यंतच्या अंतराला मिळतो आणि रोजच्या तिकिटाच्या मानाने फारच स्वस्त पडतो. आरक्षित डब्यात त्यावर बसता येत नाही. ट्रेन नसेल तिथे गणेशपेठच्या बसस्टँडवरून एसटी. एसटीत महिलांना तिकीट निम्मं आहे. बुटीबोरीतल्या अनेक कारखान्यांच्या बसेस शहरातून सकाळी निघतात, त्यांचा थांबा तुमच्या घराजवळ आणता येतो का ते विचारा. रोज साठ किलोमीटर महामार्गावर दुचाकी चालवून पैसे वाचवू नका. मी हे कुणालाही सुचवत नाही.

मे आणि जुलै

सगळं ठरलं की एक शेवटची परीक्षा घ्या. तुमची योजना नवतपात चालेल का? २५ मेपासूनचे नऊ दिवस. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४५ च्या आसपास तर इथे नेहमीचीच गोष्ट. मुंबईचा उन्हाळा घामाचा, इथला कोरडा. घाम दिसत नाही, वाळून जातो, आणि माणसाला कळतही नाही की अंगातलं पाणी संपत चाललंय. दुपारी तीनला सिग्नलवर उभे असताना खालचा सिमेंटचा रस्ता तोंडावर भट्टीसारखा फुफाटा मारतो. गाडीच्या सीटवर ओला टॉवेल ठेवल्याशिवाय बसता येत नाही.

म्हणून गाडीवर जाणाऱ्याने शिफ्टची वेळ बघावी. सकाळी आठच्या आत जाणं आणि संध्याकाळी सहानंतर परतणं असेल तर दुचाकी चालते. दुपारी एक ते चारमध्ये रस्त्यावर असाल तर एप्रिल ते जून मेट्रो किंवा बसचे पैसे वेगळे काढून ठेवा. दुपट्टा किंवा गमछा नाकातोंडावरून घट्ट बांधायला इथल्या मुलींकडून शिका. डोळे सोडून काही उघडं राहत नाही आणि वरून हेल्मेट बसतं. डिकीत पाण्याची बाटली आणि मिठासाखरेची पुडी. घरून निघताना कैरीचं पन्हं.

जुलैची गोष्ट वेगळी. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि पडतो तेव्हा एकदम पडतो. रेल्वेखालचे पूल भरतात. नरेंद्रनगरचा पूल तर पाण्यासाठी ओळखलाच जातो. तुमच्या रोजच्या वाटेवर असा पूल असेल तर कोरड्या दिवशीच दुसरा रस्ता एकदा जाऊन बघून ठेवा. पुलाखाली पाणी किती आहे हे पुढच्या गाडीच्या चाकावरून ठरवू नका. पाणी दिसलं की मागे वळा.

भाचीने शेवटी गाडी घेतली नाही, निदान अजून तरी. उज्ज्वलनगरहून खापरी, तिथून कंपनीची गाडी. शनिवारी बाजारासाठी ती माझी स्कूटर नेते. विमानतळानंतर मेट्रो पुलावरून उतरून जमिनीवरून धावते, तो तुकडा तिला फार आवडतो. मागच्या पावसाळ्यात एका सकाळी तिचा तिथूनच फोन आला. वर्धा रोडवर गुडघाभर पाण्यात गाड्या बंद पडल्या होत्या. "मावशी, मी वेळेवर पोचतेय," ती म्हणाली, "पण कंपनीची गाडी अडकली आहे. वहीत आज रिक्षा लिहावी लागणार."